बदलीवाल्या सुभद्राबाईची भिंगरी

सुभद्राबाई परबांना गुंता बघवत नसे. चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत कुणाच्या गणपतीच्या दिव्यांची माळ गुंतली, कुणाच्या लोकरीच्या गुंड्यात मांजर शिरलं, की हाक एकच, "सुभद्रामावशीला बोलवा रे!" मग मावशी यायची, पदर खोचायची, कमरेवर हात ठेवून गुंत्याकडे असं बघायची की गुंत्यालाच शरम वाटावी. "ह्यो काय गुंतो? ह्येका गुंतो म्हणतत?" म्हणायची आणि जमिनीवर बसकण मारायची. एकदा शेजारच्या लग्नात वरातीच्या बत्त्यांची वायर अशी गुरफटली की बँडवाल्यांनी हात टेकले. नवरदेव घोड्यावर चढून बसलेला. सुभद्राबाई भर रस्त्यात मांडी घालून वायर सोडवतेय, नवरदेव घाम पुसतोय, मुलीकडचे फोन करतायत. शेवटी घोडा कंटाळला आणि नवरदेवासकट लालबागच्या दिशेने चालू पडला. लोक घोड्यामागे धावले. बाईने मान वर केली नाही. वायर सुटली, गुंडाळली, तेव्हाच ती उठली आणि म्हणाली, "हां, आता आणा तुमचो घोडो."

हे वळण आलं गिरणीतून. तिची आई वाइंडिंग खात्यात होती. वाइंडिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं. सूत तुटणारच, तो त्याचा धर्मच. तुटलं की दोन टोकं बोटांच्या पेरांत धरून गाठ मारायची आणि सोडून द्यायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. गाठ दिसली तर बोलणी. गाठ कोनाच्या पोटात नाहीशी झाली तर ती बाई खरी कसबी. आईने लेकीला दोनच गोष्टी शिकवल्या. तुटलेलं टाकायचं नाही, सांधायचं. आणि सांधा कुणाला दिसू द्यायचा नाही.

मोठ्या संपानंतर ज्या थोड्या गिरण्या धापा टाकत चालल्या त्यांतल्या एकीत सुभद्रा आईच्या ओळखीवर लागली, पण लागली ती बदली म्हणून. आता बदली म्हणजे काय, ते आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. पाळी सुरू व्हायच्या आधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. आतली कायमची बाई आजारी पडली, कुणाचं बाळंतपण आलं, कुणाचा सासरा वारला, की आतून हाक येणार. नाही आली तर डबा तसाच घरी. दुसरीच्या तापावर आपली चूल पेटायची. मग सकाळी देवासमोर हात जोडून मागायचं तरी काय? सुभद्राने त्यातून वाट काढली होती. ती म्हणायची, "देवा, कुणाचं वाईट नको, पण कुणाच्या तरी घरी गावचे पाव्हणे येऊ देत, भरपूर, आणि कुणी न सांगता." बायका हसून मरायच्या. एक कायमवाली तर तिला पाहिलं की म्हणायची, "गो सुभद्रे, माझ्या घराकडे बघू नको हां, माझी नणंद मोप येते!"

हसण्यावारी नेलं तरी सल होताच. खात्यात तिच्याइतकं कुणाचं बोट चालत नव्हतं, आणि तरी दर सकाळी ती गेटवर. एक दिवस गिरणीच बंद झाली, सुभद्रा बदली असतानाच. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन कुडाळकडे गेली. बाईने डबे केले, फॉल-बिडिंग केलं, एका ऑफिसात केर काढला. सगळीकडे, "उद्या बघू, येऊन जा." तिच्या आयुष्यात 'कायम' हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या तोंडी आला.

साठीच्या आसपास ती शिवडीच्या गोडाऊनवर लागली. माल ट्रकवर चढतो तो रुंद नायलॉनच्या बेल्टने आवळून बांधतात. टोकाला हुक, मध्ये खटक्यांनी ताणायचं रॅचेट. ट्रक रिकामा झाला की ड्रायव्हर ते बेल्ट भिरकावून देणार. गोडाऊनच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग, चिखलाने माखलेला, खाडीच्या खाऱ्या हवेने चिकट झालेला, जणू नागपंचमीला गारुड्याची टोपली उलटलीय. सकाळी ट्रक भरायला उभा आणि चार माणसं दोन बेल्ट ओढतायत, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करतायत. मुकादम होते अप्पा. त्यांनी सुभद्राबाईला ढिगासमोर नेलं. "एवढं सोडवून गुंडाळून ठेवायचं, मावशी. जमेल?"

बाईने ढिगाकडे बघितलं. तिचे डोळे असे चमकले, की अप्पांना वाटलं हिला बाहेरचं काही लागलं की काय.

पण सूत वेगळं आणि चार बोटं रुंदीचा बेल्ट वेगळा. महिन्याभरात मनगटं सुजली. भाकरी थापता येईना. शेजारच्या चाळीत शामराव राहायचे, त्यांचं स्टेशनच्या अंगाला लेथचं छोटं वर्कशॉप. शामराव आणि सुभद्राबाई यांचा जुना घरोबा. भीमजयंतीला शामरावांकडची खीर हिच्याकडे, गणपतीत हिचे मोदक तिकडे. शामरावांचा मुलगा प्रफुल्ल लहानपणी निम्मा हिच्याच ओट्यावर वाढला आणि आता त्याच गोडाऊनवर ट्रक चालवत होता. त्यानेच बापाला सांगितलं, "बाबा, मावशीचे हात बघा, पाव झालेत."

शामराव आले, बघून गेले. भंगारातून एका जुन्या हातशिलाई मशीनची मूठ काढली, स्कूटरचं बेअरिंग काढलं, जाड सळईचे दोन दात केले, काट्याचमच्यातल्या काट्यासारखे. डाव्या हातात धरायला लाकडी दांडा, उजव्या हाताने फिरवायला मूठ. बेल्टचं टोक दोन दातांच्या फटीत अडकवायचं आणि मूठ फिरवायची. दात गरगर फिरतात, बेल्ट स्वतःच्या अंगावर चढत जातो. शेवटी दातांवरून ओढून काढली की घट्ट, गोल गुंडाळी हातात.

"किती वजनदार केलंत हो, शामरावभाऊ!"

"मग काय सोन्याची करू, सुभद्राबाय? नाजूक पायजे तर पेठेत जा, नथ घ्या."

"नथ घालून बेल्ट गुंडाळू?"

"ते तुम्ही कराल, भरवसा नाय."

तिने त्या हत्याराचं नाव ठेवलं भिंगरी. ती सुरू झाली की गोडाऊनमध्ये घर्रर्र आवाज घुमायचा आणि ड्रायव्हर म्हणायचे, "मावशीची गिरणी चालू झाली." गुंडाळ्या इतक्या नेटक्या, की त्यांचं नाव पडलं चकल्या. "मावशी, आठ चकल्या दे, जेएनपीटी बंदरात जायचंय." "भाजणीच्या देऊ की मैद्याच्या?" असं चालायचं. भिंतीवर खुंट्या ठोकून तिने लांबीप्रमाणे गुंडाळ्या लावल्या. खंडेनवमीला भिंगरीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. प्रफुल्ल म्हणाला, "मावशी, हिला फूल आणि माझ्या बापाला काय?" "तुझ्या बापाक जेवण," ती म्हणाली, "आणि तुका धपाटो."

अशी दोन वर्षं बरी गेली. मग अप्पांनी ती गोष्ट सांगितली.

"मावशी, इकडचं गोडाऊन जाणार. समुद्रावरच्या नव्या पुलापलीकडे मोठं यार्ड होतंय. शेठ सगळ्यांना नेणार नाहीत, पण बेल्टच्या कामाला एक बाई घेणार. कायम."

सुभद्राबाईच्या हातातली भिंगरी थांबली. "काय म्हणालात?"

"कायम. मी तुझं नाव टाकलंय. फक्त एक आहे. शेठ कुरकुरतात की बेल्ट फार फेकले जातात. जरा काटलेला, जरा उसवलेला, की भंगारात. तू तेवढं सांभाळ. फेकणं कमी झालेलं दिसलं की तुझं काम पक्कं."

त्या दिवशी ती चालत घरी आली आणि वाटेत परळला देवीच्या देवळाबाहेर उभी राहिली. आत गेली नाही. म्हणाली, आता मागायची वेळ नाही, आता काम करायची वेळ आहे.

आणि काम तिने केलं. आईने शिकवलं तसं. काटलेला बेल्ट हातात आला की बाजूला ठेवायचा, दाभण आणि मेण लावलेला दोरा घ्यायचा, आणि फाटलेल्या जागी गोधडीच्या टाक्यांसारखे बारीक, सरळ, दुहेरी टाके घालायचे. मग भिंगरीवर चढवायचा असा, की सांधा गुंडाळीच्या पोटात जाईल. बाहेरून चकली जशीच्या तशी. फसवायचं असं तिच्या मनातही नव्हतं. तिच्या लेखी ती कसबी बाईची रीत होती, तुटलेलं टाकलं नाही आणि सांधा दिसू दिला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. भंगाराची रास उतरली, ती अप्पांनी बघितली. "वा मावशी!" म्हणाले आणि पुढे गेले. वा म्हणायला कुणाचं काय जातं?

आणखी एक होतं, ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बेल्टचा गुंता असायचा तेव्हा प्रत्येक बेल्ट सोडवताना ड्रायव्हरच्या हातातून टोकापासून टोकापर्यंत जायचा. काटलेलं असेल तर बोटाला लागायचं. चकल्या आल्या तशी ती गरज संपली. खुंटीवरून काढली, मालावरून फेकली, उलगडत गेली, ताणली, झालं. मावशीची चकली आहे म्हटल्यावर तपासायचं काय?

प्रफुल्लने तशीच एक चकली फेकली, पोटात सांधा असलेली. ट्रकवर मशिनाची भलीमोठी लाकडी पेटी होती. वडाळ्याच्या पुढे त्याला आरशात पेटी हललेली दिसली. चांगला ड्रायव्हर. ट्रक बाजूला घेतला, खाली उतरला, रॅचेट आणखी दोन खटके ताणलं. बेल्ट तुटला. पेटी घसरली ती त्याच्या डाव्या पायावर.

परळच्या मोठ्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याखालून काढला.

तुटलेला बेल्ट गोडाऊनवर परत आला, ढिगात पडला, आणि ढिगातून सुभद्राबाईच्या हातात. तिने टोक उलटून बघितलं. तिचे टाके शाबूत होते. एकही सुटला नव्हता. टाक्यांच्या कडेने, दाभणाची भोकं जिथे ओळीने पडली होती, तिथे बेल्ट फाटला होता, टपालाच्या तिकिटांच्या कागदावरून एक तिकीट फाडावं तसा. सुताला गाठ मारली की सूत जोडलं जातं. बेल्टला भोक पाडलं की बेल्ट मरतो. एवढंच. पण हे सांगायला त्या गोडाऊनमध्ये कुणी नव्हतं आणि विचारायची सुभद्राबाईला बुद्धी झाली नव्हती.

अप्पांनी तिला बाजूला घेतलं. अप्पा वाईट माणूस नव्हे, पण वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणारा.

"मावशी, शेठ म्हणतात, प्रफुल्लने पेटीच्या कोपऱ्याला गोणपाट लावलं नव्हतं, धारेने बेल्ट कापला. तुला विचारतील. तू एवढंच म्हण, बेल्ट धड होता. मग यार्डाचं तुझं पक्कं."

"आणि प्रफुल्लचं काय?"

"त्याची चूक ठरली तर त्याचं तो बघेल. तरणा आहे."

"पाय परत फुटेल त्येका?"

अप्पांनी रुमालाने मान पुसली.

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर तुझं जाईल. त्याला मिळेलच असं नाही. बघ बाई, दोन्ही हातांनी घालवू नको."

त्या रात्री तिने भाकरी केली आणि खाल्ली नाही. कायम हा शब्द तिच्या दारात उभा होता, पहिल्यांदा. आणि तो प्रफुल्लच्या छातीवर पाय देऊनच आत येणार होता.

सकाळी ती धुतलेलं पातळ नेसून शेठसमोर गेली. "सांधा माझा. तो पोरगो निर्दोष आहे."

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी मागवलं, तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्हाला शिवायला कुणी सांगितलं?"

तिने अप्पांकडे बघितलं. अप्पा खिडकीतून खाडीकडे बघत होते.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"तुम्ही आमच्याकडे कायम आहात?"

"नाही. बदलीसारखीच."

"मग असं आहे, मावशी. तुम्ही आमच्या कामगार नाही, तुम्ही परस्पर बेल्ट शिवला. आणि ड्रायव्हरने न बघता बांधला. त्याने बघायला पाहिजे होतं. यात आमचं काय?"

झालं. तिच्या एका खऱ्या बोलण्याने प्रफुल्लचं सुटायच्या ऐवजी जास्तच अडकलं. आधी तो निदान म्हणू शकत होता, बेल्ट कंपनीचा होता. आता बेल्ट कुणाचाच नव्हता. टाके तेवढे सुभद्राबाईचे होते. तिने जन्मभर गुंते सोडवले, आणि हा एक तिच्या हाताने असा बसला की टोकच दिसेना. यार्ड पलीकडे सुरू झालं. तिथे आपोआप आत ओढले जाणारे बेल्ट आले, खटका दाबला की डबीत. गुंडाळायला कुणीच लागत नाही म्हणे.

ती भिंगरी पिशवीत घालून शामरावांच्या वर्कशॉपवर गेली. लेथ चालू होतं. शामरावांनी ते बंद केलं नाही.

"शामरावभाऊ, सांधा माझा होता."

"कळलं."

"ही घ्या परत."

त्यांनी भिंगरी हातात घेतली. मूठ फिरवली. बेअरिंग कुरकुरलं. त्यांनी सवयीने तेलाची बुधली उचलली, दोन थेंब सोडले, परत फिरवली. आवाज गेला. मग त्यांना बहुधा जाणवलं आपण काय केलं ते. त्यांनी ती तिच्यासमोर फळीवर ठेवली आणि हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

"मी हिचं काय करू? वितळवू? घेऊन जा. आणि सुभद्राबाय, माझ्याकडे येऊन उपयोग नाय. जायचं तर त्याच्या दारात जा. तो काय म्हणेल ते त्याचं."

ती गेली. प्रफुल्लच्या खोलीबाहेरच्या कठड्यावर धुतलेल्या क्रेप पट्ट्या वाळत होत्या, पायाच्या उरलेल्या भागाला आवळून बांधायच्या त्या, लांबलचक, वाऱ्याने पीळ पडलेल्या. सुभद्राबाईचे हात आपोआप पुढे गेले. प्रफुल्लची बायको अक्षता दारात आली.

"नको मावशी. तुमच्या हातची गुंडाळी आमच्या घरात नको."

आतून प्रफुल्लचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," अक्षता म्हणाली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई परत गेली. दार बंद होतं. ती जिन्यापाशी उभी राहिली, पिशवीत भिंगरी घेऊन, दार उघडेपर्यंत, नाही उघडलं तर ऊन कठड्यावर येईपर्यंत. तिसऱ्या दिवशीही. बाईला उभं राहायची सवय जुनीच. असे बरेच दिवस गेले. पट्टी सैल गुंडाळली तर बांधताना ताण नीट बसत नाही, म्हणून इस्पितळात अक्षताला बोलणी बसली असावीत, कारण एका सकाळी दार उघडलं आणि अक्षताने न बोलता पट्ट्या बाहेर धरल्या.

सुभद्राबाईने तिथेच खाली बसून टोक भिंगरीच्या दातांत अडकवलं. घर्रर्र. पट्टी घट्ट, सरळ, कड न कड जुळलेली. तिने ती दोन्ही हातांनी वर धरली, नैवेद्य धरावा तशी.

अक्षताने गुंडाळी घेतली, उंबऱ्यातच बसली, आणि सगळी उलगडली. टोकापासून टोकापर्यंत बोटांच्या चिमटीतून सरकवत बघितली. कुठे विरली आहे का, कुठे टाका आहे का. मग आपल्या हाताने गुंडाळली, वाकडी, सैल, आणि आत गेली.

तेव्हापासून असंच चालतं. काही सकाळी दार उघडतं, काही सकाळी नाही. उघडलं तर पट्टी बाहेर येते, भिंगरी फिरते, गुंडाळी होते आणि तिच्या डोळ्यांदेखत परत सुटते. प्रफुल्ल आत असतो. त्याने तिला अजून हाक मारलेली नाही.

परवा जिन्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरत होते, तिच्याच गिरणीतले, विणाई खात्यातले. डोळ्यांनी कमी दिसतं, काय घडलंय तेही माहीत नाही. बाई पिशवी घेऊन उभी दिसली तशी ओळख पटली, खूश होऊन म्हणाले, "अगो सुभद्रे! अजून गेटवरच? काय, बदली लागली की नाही?"

सुभद्राबाईने बंद दाराकडे बघितलं. ऊन कठड्यावर आलं होतं.

"आज नाय लागली, काका," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्यांना खालपर्यंत सोडायला गेली.